शेजारचे गायक आणि आपले रसिक

“संगीताला सीमा नसतात,” हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकतों कीं, तें खरें आहे किंवा नाहीं हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः संगीताला सीमा असतात. गाणाऱ्याला परदेशीं जाण्यास परवाना लागतो, त्याच्या तबकडीवर जकात बसते, आणि नभोवाणीवर काय वाजावें व काय वाजूं नये याचा हुकूम दोन्हीकडचीं सरकारें वेळोवेळीं काढीत असतात. असें असूनही गाणें पलीकडे जातें, ही खरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. या लेखांत आम्ही तिचाच थोडा विचार करणार आहों.

हा विषय आम्हांस सुचला तो एका वादामुळें. २०२५ सालच्या जून महिन्यांत शाळा उघडली, तेव्हां वसतिगृहांतील दोन विद्यार्थ्यांमध्यें जुंपली. एकाच्या फोनमधील आवडत्या गाण्यांच्या यादींतून पुष्कळशीं गाणीं सुटींत नाहींशीं झालीं होतीं. तीं सारीं पाकिस्तानी गायकांचीं होतीं. तो हळहळत होता. दुसऱ्याचा थोरला भाऊ सैन्यांत आहे. तो म्हणाला, “माझा दादा तिकडे सीमेवर उभा आहे, आणि तुला गाण्यांचें दुःख होतें?” पहिला म्हणाला, “मी गाणें ऐकतों, त्यांत दादांचा अपमान कसा होतो?” दोघेही चांगले मुलगे, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलें. शेवटीं ते आमच्याकडे आले व म्हणाले, “सर, तुम्हीच सांगा.” आम्हांला तत्काळ कांहीं सांगतां आलें नाहीं. त्या दिवशीं जें सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, ज्याला आज आपण शेजारचा देश म्हणतों, तो १९४७ सालच्या ऑगस्टपर्यंत शेजार नव्हता. घर एकच होतें. आपल्या पंढरपूरच्या नामदेवांचीं पदें पंजाबांत गेलीं, व त्यांपैकीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत समाविष्ट झालीं. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं आपलें गांधर्व महाविद्यालय काढलें तें पुण्यास नव्हे कीं मुंबईस नव्हे. १९०१ सालीं तें निघालें लाहोरांत. एका मराठी गवयानें संगीतशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग त्या शहरांत केला, ही गोष्ट आज किती जणांस ठाऊक आहे? उलट, लाहोरचे संगीतकार मास्टर गुलाम हैदर मुंबईस आले व त्यांनीं १९४८ च्या ‘मजबूर’ या चित्रपटांत एका अल्पवयीन, कृश आवाजाच्या मुलीस मोठी संधि दिली. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. मास्टर विनायकांच्या १९४५ च्या ‘बडी माँ’ या बोलपटांत नायिका नूरजहाँ होती, आणि लता व आशा या भगिनींनीं लहान भूमिका केल्या होत्या. दोनच वर्षांनीं देशाची फाळणी झाली; नूरजहाँ पाकिस्तानांत गेली, लता येथें राहिली, आणि दोघींचेही चाहते दोन्हीकडे उरले.

म्हणून पाकिस्तानच्या गायकाचा सूर भारतीय कानाला परका वाटत नाहीं, यांत नवल कांहीं नाहीं. नवल आहे तें पुढच्याच गोष्टींत. गझल, कव्वाली हे जुने प्रकार उभयतांचे सामाईक धन होते. परंतु ज्याला ‘पॉप’ म्हणतात तें तरुणांचें, गिटार व ढोलाच्या ठेक्यावर चालणारें, पाश्चात्य वळणाचें संगीत फाळणीनंतर पुष्कळ वर्षांनीं जन्मास आलें. जुन्या घराच्या आठवणीशीं त्याचा कांहींच संबंध नव्हता. जीं मुलें तें ऐकत होतीं त्यांनीं अखंड हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. त्यांना एकमेकांविषयीं माहीत होतीं तीं युद्धें व क्रिकेटचे सामने. तरीही तीं या संगीतानें मोहून गेलीं. हें कसें घडलें?

या कथेचा प्रारंभ एका शाळकरी मुलीपासून करावा लागतो. नाझिया हसन हिचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजीं कराचींत झाला. शिक्षण पुष्कळसें लंडनमध्यें झालें. तेथेंच निर्माता-दिग्दर्शक फिरोज खान यांची व तिची गांठ पडली. ते ‘कुर्बानी’ नांवाचा चित्रपट काढीत होते. त्यांनीं तिचा आवाज लंडनमध्यें असलेले संगीतकार बिद्दू यांस ऐकविला. योग असा कीं, फिरोज खान व बिद्दू हे दोघेही मूळचे बंगलोरचे. अशा रीतीनें बंगलोरच्या दोघांनीं, कराचीच्या मुलीकडून, लंडनमध्यें एक हिंदी गाणें गाऊन घेतलें. आणि १९८० सालीं ‘कुर्बानी’ पडद्यावर आल्यावर तें मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत गल्लोगल्लीं वाजूं लागलें. गायिकेचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें होतें. पुढील वर्षीं तिला पार्श्वगायनाचें ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती सर्वांत लहान वयाची गायिका ठरली.

१९८१ सालीं नाझिया व तिचा भाऊ झोहेब यांची ‘डिस्को दीवाने’ ही गीतमालिका निघाली. तिचें महत्त्व समजण्यासाठीं त्या वेळची आपली स्थिति आठवली पाहिजे. भारतांत लोकप्रिय गाणें म्हणजे चित्रपटांतील गाणें, असें समीकरणच होऊन बसलें होतें. नायक-नायिकेच्या ओठांवर चढल्यावांचून गाण्याला बाजार नसे. पार्श्वगायक पडद्यामागेंच राही. त्याचें नांव माहीत असे, पण चेहरा क्वचित् दिसे. ‘डिस्को दीवाने’ला ना कथा होती, ना नायक. तबकडीच्या वेष्टणावर दोन भावंडांचें छायाचित्र तेवढें होतें. तरी ती खपली, व तुफान खपली. गायक स्वतःच नायक होऊं शकतो, हा धडा भारतीय बाजाराला एका परदेशी मुलीनें दिला. पुढें ‘बूम बूम’ (१९८२), ‘यंग तरंग’ (१९८४) आणि ‘हॉटलाइन’ (१९८७) या मालिका आल्या. ज्या देशांतून ही मुलगी आली, तेथें त्याच वेळीं जनरल झिया-उल्-हक यांची लष्करी राजवट चालू होती, आणि संगीत-नृत्याकडे सरकार प्रसन्न दृष्टीनें पाहत नव्हतें, ही गोष्टही विसरतां कामा नये.

तिचा येथील चाहत्यांवर काय परिणाम झाला? वरवर पाहतां केस कापण्याची तऱ्हा बदलली, लग्नाच्या वरातींत डिस्कोचा ठेका आला, आणि संमेलनांतून मुलेंमुली तिच्या लकबींचें अनुकरण करूं लागलीं. परंतु खरा परिणाम खोल होता. आपल्याच वयाची एक मुलगी, आपल्याला समजणाऱ्या भाषेंत, आपल्याच मनांतल्या गोष्टी गाते, ती मात्र ‘तिकडची’ आहे, हा अनुभव या पिढीला प्रथमच येत होता. १९७१ च्या युद्धाला तेव्हां दहा वर्षेंच लोटलीं होतीं. वर्तमानपत्रांतून जो देश केवळ रणगाड्यांनीं भरलेला दिसे, त्यांत शाळेंत जाणारी व गाणीं म्हणणारी मुलेंही राहतात, हें ज्ञान लहान नव्हे.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९५ सालीं अलीशा चिनाय यांची ‘मेड इन इंडिया’ ही गीतमालिका निघाली व तिनें भारतीय पॉप संगीताचें युगच सुरू केलें. तिचे संगीतकारही बिद्दूच होते. तें गीत त्यांनीं प्रथम नाझियास देऊं केलें होतें. परंतु भारताची थोरवी सांगणारें गाणें आपण गाइलें तर आपल्या देशबांधवांचीं मनें दुखावतील, म्हणून तिनें तें नाकारलें, असें प्रसिद्ध आहे. येथील लाखों लोकांचें प्रेम मिळविलेल्या गायिकेलाही आपल्या घराची मर्यादा सांभाळावी लागली. यासाठीं तिला दोष देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. चाहत्यानें मात्र यांतून एवढें शिकावें कीं, ज्याला आपण ‘आपला’ गायक म्हणतों तो दुसऱ्या कोणाचाही असतो. नाझिया हसन १३ ऑगस्ट २००० रोजीं फुप्फुसाच्या कर्करोगानें लंडनमध्यें निवर्तली. वय पस्तीसच होतें. ‘डिस्को दीवाने’चें मूळ गीत २०१२ सालीं ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या हिंदी चित्रपटांत नव्या वेषांत पुन्हां अवतरलें, आणि तिच्या मृत्यूच्या वेळीं जीं मुलें पाळण्यांत होतीं तींही त्यावर नाचलीं.

दुसरें उदाहरण ‘जुनून’ या वाद्यवृंदाचें. सलमान अहमद यांनीं १९९० सालीं हा वृंद स्थापिला. त्यांचें वैद्यकीचें शिक्षण लाहोरला झालें होतें. परंतु डॉक्टरी बाजूस ठेवून त्यांनीं गिटार हातीं घेतली. अली अझमत हे गायक, व ब्रायन ओकॉनेल हे अमेरिकन वादक त्यांचे सोबती. बुल्लेशाह या पंजाबी सूफी कवीचीं वचनें व इक्बाल यांच्या कविता त्यांनीं पाश्चात्य रॉक संगीताच्या सांच्यांत बसविल्या. ‘आझादी’ ही त्यांची मालिका १९९७ सालीं निघाली, व तींतील ‘सय्योनी’ हें गीत भारतांतील संगीतवाहिन्यांवर अग्रभागीं गेलें. ध्यानांत घ्या कीं, आतां कॅसेटच्या जोडीला घरोघर केबलचा दूरदर्शनसंच आला होता. नाझियाचा आवाज ऐकूं आला. ‘जुनून’चे चेहरेही दिसले. मोकळे केस, दाढी, गिटार आणि तोंडीं सूफींचे शब्द, हें रूप आपल्याकडील महाविद्यालयीन तरुणांना विलक्षण वाटलें. इंग्रजी गाण्यांची नक्कल करणाऱ्या आपल्याकडील अनेक तरुण वादकांना आपल्या मातींतल्या शब्दांवरही गिटार चालते, हें या उदाहरणानें दिसून आलें.

परंतु १९९८ सालच्या मे महिन्यांत पोखरण येथें भारतानें व चागई येथें पाकिस्ताननें अणुस्फोट केले. त्याच सुमारास ‘जुनून’चा भारतांत दौरा झाला. त्यांनीं या शस्त्रस्पर्धेविरुद्ध मत व्यक्त केलें. परिणामीं पाकिस्तानी सरकारनें त्यांच्या गाण्यांना आपल्या दूरदर्शन व नभोवाणीवर बंदी घातली. भारतांत टाळ्या मिळाल्या, घरीं बंदी मिळाली! शेजारच्या देशांत प्रीति मिळविणाऱ्या कलावंताला ती कधीं कधीं स्वतःच्या घरीं महागांत पडते. तरीही २००८ च्या मे महिन्यांत, कांहीं संघटनांचा विरोध असतांही, याच वृंदानें श्रीनगरला दल सरोवराच्या कांठीं गायन केलें, आणि काश्मिरी तरुणांनीं तें मनमुराद ऐकलें.

या दोहोंच्या मध्यें उभे आहेत उस्ताद नुसरत फतेह अली खान. ते कव्वाल, पॉप गायक नव्हेत. परंतु तरुणांच्या संगीतावर त्यांच्याइतका ठसा थोड्यांनींच उमटविला असेल. १९९६ च्या ‘संगम’ या मालिकेंत त्यांनीं जावेद अख्तर यांचीं गीतें गाइलीं. १९९७ सालीं स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ए. आर्. रहमान यांची ‘वंदे मातरम्’ ही मालिका प्रसिद्ध झाली, तींतही एक गीत या दोघांनीं मिळून गाइलें. आणि त्याच ऑगस्टच्या १६ तारखेस खानसाहेब लंडनमध्यें वारले. हेंही प्रांजलपणें सांगितलें पाहिजे कीं, त्यांच्या चाली आपल्या चित्रपट-संगीतकारांनीं वारंवार उचलल्या, व त्यांचें नांव सांगण्याची आठवण पुष्कळांस राहिली नाहीं. प्रभाव नेहमींच आदराच्या मार्गानें येतो असें नाहीं. कधीं कधीं तो चोरवाटेनेंही येतो.

पुढच्या पिढीचा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊकच आहे. २००५ सालीं ‘जहर’ व ‘कलयुग’ या हिंदी चित्रपटांतून आतिफ असलम यांचा आवाज घुमूं लागला. ‘स्ट्रिंग्ज’, अली जफर, राहत फतेह अली खान हीं नांवें येथील घराघरांत पोहोंचलीं. २००८ सालीं पाकिस्तानांत ‘कोक स्टुडिओ’ ही कार्यक्रममाला निघाली; तिला वळण लावणारे रोहेल हयात हे ‘व्हायटल साइन्स’ या १९८० नंतरच्या दशकांतील गाजलेल्या वृंदाचे वादक. तींत लोकगायक व पॉप गायक एकाच खोलींत बसून गात. २०२२ सालीं त्याच मालेंत अली सेठी व शे गिल यांनीं गाइलेलें ‘पसूरी’ हें पंजाबी-उर्दू गीत गूगलवर जगांत त्या वर्षींच्या शोधल्या गेलेल्या गीतांत पहिलें आलें. भारतांत पंजाबी न समजणारी मुलेंही तें गुणगुणत होतीं. आमच्या शाळेच्या मागच्या अंगणांत क्रिकेट खेळतांनाही तें आम्हीं ऐकलें आहे.

आतां या प्रभावाचीं कारणें पाहूं. आमच्या मतें तीं चार आहेत.

पहिलें कारण भाषा. लिपि दोन असल्या तरी बोलण्याची हिंदी व बोलण्याची उर्दू यांत गाण्यापुरता फार भेद नाहीं. फ्रेंच गायक कितीही गोड गाइला तरी त्याचे शब्द आपल्या मनाशीं बोलत नाहींत. कराचीचा गायक बोलतो.

दुसरें कारण साधन. प्रत्येक नव्या यंत्रानें सीमेला एक नवें भोंक पाडलें. नभोवाणीच्या लहरी, स्वस्त कॅसेट, केबल, आणि शेवटीं इंटरनेट. नाझियाची तबकडी विकत घ्यावी लागे. ‘पसूरी’ ऐकण्यास दुकानापर्यंतही जावें लागलें नाहीं.

तिसरें कारण आपल्या बाजारांतील उणीव. जें आपल्याकडे मिळत नाहीं त्याची ओढ अधिक असते. आपल्याकडे चित्रपट-संगीत विपुल व समृद्ध होतें. परंतु चित्रपटाबाहेरचें तरुणांचें संगीत थोडें होतें. पाकिस्तानांत चित्रपटधंदा खालावला होता. म्हणून तेथील बुद्धिमान तरुण वृंद काढून स्वतंत्र गाणीं रचूं लागले. एकाची उणीव ती दुसऱ्याची भरती झाली.

चौथें कारण मनाचें आहे, आणि तें सर्वांत बलवत्तर आहे. ज्या घराचें दार आपल्यासाठीं बंद असतें, त्याच्या खिडकींतून आलेला आवाज आपण कान देऊन ऐकतों. येथील बहुतेक चाहत्यांना लाहोर किंवा कराची पाहण्याचा योग कधींच येत नाहीं. गाणें हीच त्यांची यात्रा होते.

मग या प्रभावाला आपण चांगला म्हणावें कीं वाईट? जो चाहता गायकासारखे केस राखतो, त्याच्यासारखें कुडतें घालतो, परंतु त्याचे शब्द कोठून आले हें जाणण्याची इच्छा धरीत नाहीं, त्याच्यावर पडलेला प्रभाव शिंप्याच्या दुकानाइतकाच खोल. जो गायकाला देव मानून त्याच्या प्रत्येक मताला मान डोलावतो, त्यानें आपली बुद्धि गहाण टाकली. परंतु ‘जुनून’चें गाणें ऐकून जो बुल्लेशाह कोण होता हें शोधतो, आणि मग त्याला आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतात, मुसलमान कुळांत जन्मून विठ्ठलाचे अभंग रचणारे, त्याचें घर त्या गाण्यानें मोठें झालें. गाणें एकच, फळ मात्र ऐकणाऱ्याच्या जमिनीप्रमाणें येतें.

आतां बंदीचा प्रश्न. तो टाळतां येणार नाहीं, कारण आमच्या दोन विद्यार्थ्यांचा वाद त्यावरच होता. १८ सप्टेंबर २०१६ रोजीं उरी येथें आमच्या जवानांवर हल्ला झाला. त्यानंतर मुंबईच्या चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेनें पाकिस्तानी कलावंतांस काम न देण्याचा ठराव केला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान मारले गेले. पुन्हां तशीच बंदी पुकारली गेली. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाली; मे महिन्यांत भारत सरकारनें पाकिस्तानांतून आलेलीं गाणीं व चित्रपट इंटरनेटवरील कंपन्यांनीं बंद करावे अशी सूचना काढली. पाकिस्तानांतही त्याच मे महिन्याच्या आरंभीं तेथील खासगी नभोवाणी-केंद्रांनीं भारतीय गाणीं लावणें थांबविलें. लता, रफी, किशोर यांचे सूर तेथील श्रोत्यांचे सोबती होते. त्यांनाही दार बंद झालें. म्हणजे हळहळणारा मुलगा एकटा आमच्या वसतिगृहांत नव्हता. तसाच कोणी लाहोरांतही असला पाहिजे.

या प्रश्नावर न्यायालयाचेंही मत झालेलें आहे. पाकिस्तानी कलावंतांवर कायमची बंदी घालावी, असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयापुढें आला होता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं न्यायालयानें तो फेटाळला, आणि देशभक्त होण्यासाठीं परदेशच्या, विशेषतः शेजारच्या, लोकांशीं वैर धरण्याची गरज नाहीं, अशा आशयाचें मत दिलें. पुढील महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांत हात घालण्याचें नाकारलें. हें झालें शांततेच्या दिवसांतलें. त्यानंतर दीड वर्षांत पहलगामची हत्या झाली व सरकारनें वर सांगितलेली सूचना काढली. रणप्रसंगीं राज्यकर्त्यांना कांहीं दारें लावून घ्यावीं लागतात; तो त्यांचा अधिकार आहे, व तो आम्ही मान्य करतों.

परंतु दार लावल्यानें कान बंद होतात काय? येथें आपल्याच इतिहासांतील एक गोष्ट उपयोगी पडते, आणि तिचा नायक मराठी आहे. १९५२ नंतर नभोवाणीखात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते. शास्त्रीय संगीताचे ते निस्सीम भक्त. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडते, असें वाटून त्यांनीं आकाशवाणीवर त्या गीतांस जवळजवळ मज्जाव केला. हेतु शुद्ध होता. पण झालें काय? श्रोत्यांनीं कळ फिरविली व सिलोनचें केंद्र लावलें. तेथून अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम १९५२ च्या अखेरीस सुरू झाला, आणि आपल्याच देशांतलीं गाणीं ऐकण्यासाठीं कोट्यवधि लोक शेजारच्या बेटाकडे कान लावून बसूं लागले. शेवटीं १९५७ च्या ऑक्टोबरमध्यें आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. बंदीनें गाणें नाहींसें होत नाहीं; तें फक्त घर बदलतें.

तसेंच दुसऱ्या टोकाचा भाबडेपणाही नको. गाण्यानें युद्धें थांबतात असें कोणी म्हणेल, तर इतिहास त्याला साक्ष देत नाहीं. ‘सय्योनी’ भारतांत लोकप्रिय असतांनाच १९९९ सालीं कारगिलचें युद्ध झालें. आतिफ असलम यांचीं गीतें येथील लग्नांत वाजत असतांनाच २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला. ज्या घरांत त्या रात्रीं माणूस गेलें, त्यांना “संगीताला सीमा नसतात” हें सुभाषित ऐकविणें निर्दयपणाचें होईल. गाणें बंदुकीची गोळी अडवीत नाहीं. तें काम सैनिकाचेंच आहे, व तो तें आपले प्राण देऊन करतो.

तर मग गाण्याचें काम काय? आम्हांस वाटतें तें असें: युद्धें राज्यें करतात, आणि कधीं तरी तीं थांबवितातही. परंतु युद्ध थांबल्यावर शेजारीं कोण राहतो, हें माणसाला आठवण करून द्यावी लागते. त्या वेळीं जर आपल्या मनांत शेजाऱ्याचें एकच चित्र असेल, आणि तें बंदूकधाऱ्याचें असेल, तर तह कागदावरच राहील. पंधरा वर्षांची नाझिया, गिटार घेतलेला एक डॉक्टर, कव्वालींत तल्लीन झालेले खानसाहेब, हीं दुसरीं चित्रें मनांत असलीं, तर अपराधी कोण व शेजारी कोण हा भेद करतां येतो. जो हा भेद करूं शकतो, तोच न्यायानें रागावूं शकतो. आणि न्यायाचा राग द्वेषापेक्षां फार बळकट असतो.

आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांना आम्हीं शेवटीं काय सांगितलें, तें सांगून हा लेख पुरा करतों. पहिल्यास म्हटलें, “बाळा, तुझीं गाणीं गेलीं याचें तुला वाईट वाटलें, तें स्वाभाविक आहे, पण तुझ्या मित्राच्या घरीं फोनची घंटा वाजली कीं त्याच्या आईचा श्वास अडकतो. त्या घरासमोर आपला आवाज थोडा लहान ठेवावा.” दुसऱ्यास म्हटलें, “तुझा दादा सीमेवर उभा आहे तो आपलें घर राखण्यासाठीं. राखलेल्या घरांत कोणीं कोणतें गाणें गुणगुणावें याची चौकशी करण्यास तो उभा नाहीं.” दोघे कांहीं बोलले नाहींत. मागाहून दिवाळीच्या सुटींत तो दादा रजेवर घरीं आला. त्याच्या भावानें परत आल्यावर आम्हांस सांगितलें, “सर, दादाला मी आपला वाद सांगितला. तो हंसला, आणि म्हणाला, आमच्या चौकीवर रात्रीं पलीकडून कधीं कधीं गाणीं ऐकूं येतात. लताबाईंचीं.”

वाचकहो, या एका वाक्यापुढें आमचा सारा लेख लहान आहे. आवडीनें ऐका, परंतु डोळस राहून ऐका. गायकाची भक्ति करण्यापेक्षां गाण्याची जाण वाढवा. आपल्या देशासाठीं ज्यांनीं प्राण वेंचले त्यांचें स्मरण ठेवा, आणि ज्यांचा कांहीं अपराध नाहीं त्यांचा द्वेष करूं नका. या दोन गोष्टी एका मनांत राहूं शकतात, असा आमचा विश्वास आहे; आणि त्या एकत्र राहण्याइतकें मन मोठें करणें, हेंच शिक्षणाचें एक काम आहे.